जुने एचएमटी मनगटी घड्याळ: यंत्र पूर्ण दुरुस्त करावे, तबकडी मात्र तशीच राहू द्यावी

मिनिटकाटा (धागाकर्ता)

जुन्या मनगटी घड्याळांची दुरुस्ती छंद म्हणून करू पाहणाऱ्यांनी हत्यारे विकत घेण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरवावी, असे मला वाटते. आपल्याला घड्याळ चालते करायचे आहे की नव्यासारखे दिसणारे करायचे आहे? ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्याच्या नादात पहिले बहुतेक वेळा अर्धवट राहते. माझे मत असे की यंत्र संपूर्ण उघडावे, धुवावे, त्याला योग्य ठिकाणी योग्य तेल द्यावे, झिजलेला भाग बदलावा. तबकडी मात्र डागाळलेली असली तरी पुन्हा रंगवू नये.

हे मी मुख्यतः एचएमटीच्या हाताने चावी द्यायच्या घड्याळांविषयी लिहीत आहे. मी प्रामुख्याने त्यांवरच काम करतो, आणि आपल्याकडे कपाटात, देवघराच्या खणात किंवा जुन्या पेटीत पडून असलेली घड्याळे बहुधा त्यांतलीच असतात. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते आणि स्विस घड्याळे चोरट्या मार्गाने किनाऱ्यावर उतरत. त्यामुळे पगारदार माणसाला परवडेल असे आणि पावतीसह मिळेल असे घड्याळ देशात तयार होणे ही मोठी गोष्ट होती. पुढे श्रीनगर, तुमकुरू आणि उत्तराखंडातील राणीबाग येथेही कारखाने झाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, तरुण, कांचन ही नावे लग्नात आणि सेवानिवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या घड्याळांमुळे एका संपूर्ण पिढीला पाठ आहेत. नंतर क्वार्ट्झचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांचा, काळ आला, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने बाजार व्यापला आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली.

कारखाना बंद झाला म्हणजे नवे सुटे भाग येणे थांबले. तरीही नवशिक्याने याच घड्याळापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगतो. ‘०२३१’ या क्रमांकाचे सतरा ज्वेल्सचे, म्हणजे घर्षण कमी करणारे सतरा खडे बसवलेले, यंत्र इतक्या नमुन्यांत आणि इतक्या मोठ्या संख्येने वापरले गेले आहे की एक चालू करण्यासाठी दुसरे निकामी यंत्र सहज मिळते. शिवाय ते यंत्र साधे आहे. त्यात तारीख नाही, स्वयंचलित चावी नाही, आणि त्याचे भाग दाटीवाटीने रचलेले नाहीत. यंत्राचा क्रमांक बॅलन्स चाकाजवळ (मागेपुढे झोके घेत वेळ मोजणाऱ्या चाकाजवळ) बारीक अक्षरांत उमटवलेला असतो. भाग शोधायला निघण्याआधी तो भिंगातून वाचून घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम. मागचे झाकण काढल्यावर सर्वांत आधी मुख्य स्प्रिंगचा ताण सोडवावा. चावी बोटांत धरून ठेवावी, अडसराची लहानशी कळ टोकदार काडीने बाजूला करावी आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्यावी. हा ताण शिल्लक असताना पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्याठोक्याने अडवून सोडणारा लहानसा भाग) काढला, तर मोकळी झालेली चाके एकदम भरधाव फिरतात आणि नाजूक टोके मोडतात. त्यानंतर काटे काढताना तबकडीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवावा, म्हणजे हत्याराचा ओरखडा उमटत नाही. चावीचा दांडा काढण्यासाठी काही यंत्रांत दाबायची कळ असते आणि काहींत स्क्रू असतो. स्क्रू असल्यास तो फक्त सैल करावा, पूर्ण काढू नये. पूर्ण काढला तर खालच्या बाजूचा खटका निसटतो आणि तो पुन्हा जागी बसवण्यासाठी तबकडीखालची बाजू उघडावी लागते.

बॅलन्स चाक उचलताना हेअरस्प्रिंग ताणली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. केसासारखी बारीक असलेली ही स्प्रिंग घड्याळाची वेळ ठरवते आणि एकदा वाकली तर ती सरळ करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. प्रत्येक टप्प्यावर भ्रमणध्वनीने छायाचित्र काढावे आणि स्क्रू ज्या भागाचे असतील त्या भागासोबतच वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. दिसायला सारखे वाटणारे दोन स्क्रू लांबीने वेगळे असू शकतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी बसला तर तो खालच्या चाकाला टेकून यंत्र अडवतो.

धुण्याविषयी बरीच मतमतांतरे आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडचे घड्याळजी पूर्वापार पेट्रोल वापरत आले आहेत. जुने घट्ट झालेले तेल त्याने विरघळते, हे खरे. पण ते अत्यंत ज्वालाग्राही आहे, त्याची वाफ घरात साठते आणि सुकल्यावर भागांवर अंश उरू शकतो. मी लायटरमध्ये भरायचे शुद्ध द्रव वापरतो, तेही खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना. काही जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. पितळी पाट आणि चाके यांच्यासाठी ते चालते, परंतु पॅलेट फोर्क आणि बॅलन्स त्यात भिजत ठेवू नयेत. पॅलेटवरचे खडे आणि बॅलन्सखालचा खडा लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. धुतल्यानंतर ज्वेलच्या प्रत्येक छिद्रात टोकदार केलेली मऊ लाकडी काडी फिरवावी आणि काडीचे टोक स्वच्छ निघेपर्यंत ती पुन्हा पुन्हा तासून फिरवत राहावे. कंटाळवाणे असले तरी घड्याळ पुढची काही वर्षे चालेल की काही महिन्यांत अडेल, हे बहुतांशी याच टप्प्यावर ठरते.

तेल देताना कमी हेच योग्य. वेगाने फिरणाऱ्या बारीक चाकांच्या टोकांना पातळ तेल लागते. मोबियस कंपनीचे ९०१० त्यासाठी प्रचलित आहे. सावकाश फिरणाऱ्या आणि जास्त दाब सोसणाऱ्या भागांना जाड तेल, चावीच्या खटक्यांना ग्रीस आणि पॅलेटच्या खड्यांना त्याच कंपनीचे ९४१५ अशी विभागणी असते. ज्वेलभोवतीची वाटी अर्ध्याहून थोडी अधिक भरली की थांबावे. तेल जास्त झाले तर ते पसरून आपल्या जागेवरून निघून जाते आणि नेमका हवा तो भागच कोरडा पडतो. हेअरस्प्रिंगला तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बेसुमार पुढे धावू लागते.

तबकडीविषयीचे माझे मत वर मांडले आहेच. त्यावर मतभेद असतील तर वाचायला आवडेल.

सायंतारा

लेख अतिशय उपयुक्त वाटला. माझ्याकडे वडिलांचे ‘जनता’ आहे. तबकडीवर बारापासून तीनपर्यंत तपकिरी डाग पडले आहेत, काच धुरकट झाली आहे आणि चावी दिल्यावर ते अर्धा तास चालून थांबते. आईची इच्छा अशी की ते वडील वापरत असत तेव्हा जसे दिसे तसेच दिसावे. आमच्या भागातील एका दुकानात तबकडी ‘नवी करून देऊ’ असे सांगण्यात आले. आपण तबकडीला हात लावू नये असे म्हणता, ते केवळ संग्राहकांच्या दृष्टीने की माझ्यासारख्या व्यक्तीसाठीही? हे घड्याळ आम्हाला कधीही विकायचे नाही.

गिरणगाव

सायंतारा यांच्या प्रश्नाला धागाकर्ते उत्तर देतीलच, परंतु तबकडी रंगवण्याच्या व्यवसायाविषयी मुंबईकर म्हणून थोडे लिहिणे आवश्यक वाटते. परदेशातील संग्राहक रंगवलेल्या तबकड्यांच्या आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे म्हणतात आणि तो शब्द ते तुच्छतेने वापरतात. मला ते पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. आयातबंदीच्या काळात स्विस घड्याळाची मूळ तबकडी मिळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. दमट हवेत आणि घामाने तबकड्या खराब होत. गिऱ्हाईक घड्याळ रोज वापरणारे असे आणि त्याला आकडे स्पष्ट दिसायला हवे असत. त्या गरजेतून तबकडी खरवडून पुन्हा रंगवण्याचे आणि त्यावर अक्षरे छापण्याचे काम उभे राहिले. ती कारागिरी होती आणि तिच्यात फसवणुकीचा हेतू नव्हता.

फसवणूक पुढे सुरू झाली. आंतरजालावरून घड्याळे परदेशी विकता येऊ लागली, तेव्हा भडक नारिंगी, निळ्या, हिरव्या रंगांच्या, कोणत्याही कारखान्याने कधी न काढलेल्या तबकड्या ‘मूळ आणि दुर्मीळ’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. त्यामुळे आज येथील प्रामाणिक विक्रेत्याकडेही संशयाने पाहिले जाते. माझा आक्षेप रंगवण्यावर नाही, रंगवलेले लपवण्यावर आहे. कुणी आपल्या वडिलांच्या घड्याळाची तबकडी रंगवून घेतली तर त्यात गैर काय, असे मला वाटते.

मिनिटकाटा

गिरणगाव यांचे इतिहासाविषयीचे म्हणणे मला मान्य आहे आणि कारागिरांविषयी त्यांनी जे लिहिले, ते लिहिले जायलाच हवे होते. निष्कर्ष मात्र मला वेगळा काढावासा वाटतो आणि तो विक्रीमूल्याशी संबंधित नाही.

तबकडी रंगवणे म्हणजे जुन्या थरावर नवा थर चढवणे नव्हे. आधी मूळ रंग, मूळ छपाई आणि त्याखालचा मुलामा धातूपर्यंत खरवडला जातो. मूळ अक्षरे कारखान्यात रबरी गादीने उमटवलेली असत आणि त्यांची कड सुबक व सारख्या जाडीची असे. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरांची जाडी कमीजास्त होते, मिनिटांच्या रेषा चिकटवलेल्या खुणांशी जुळत नाहीत, सहाच्या आकड्याखालचा बारीक मजकूर गायब होतो किंवा चुकीचा छापला जातो. सायंतारा, आपल्या आईंना वडिलांचे घड्याळ पूर्वीसारखे दिसायला हवे आहे. रंगवलेली तबकडी पूर्वीसारखी दिसणार नाही. ती नवी दिसेल, पण वडील ज्या तबकडीकडे पाहत असत ती ही नसेल, आणि जे खरवडले गेले ते कोणत्याही खर्चाने परत आणता येणार नाही. हे घड्याळ विकायचे नसल्यामुळेच मी हा सल्ला अधिक आग्रहाने देतो.

आपण वर्णन केलेल्या अवस्थेत प्रथम काच बदलून पाहावी. या घड्याळांची काच प्लास्टिकची असते. ती धुरकट आणि पिवळी झाली की खालची तबकडी आहे त्यापेक्षा कितीतरी वाईट दिसते. ओरखडे उथळ असतील तर काच केसमधून (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घरातून) काढून, मऊ कापडाने आणि ब्रासोच्या थेंबाने घासून स्वच्छ करता येते. तडा गेला असेल तर त्याच व्यासाची नवी काच बसवता येते. तबकडीवरची धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवावी. पाणी, साबण, लाळ, खोडरबर यांपैकी काहीही तबकडीला लावू नये, कारण जुन्या छपाईची अक्षरे ओल्या बोटानेही पुसली जाऊ शकतात.

अर्ध्या तासात घड्याळ थांबण्याचे कारण बहुतेक वेळा सुकून चिकट झालेले तेल असते. मुख्य स्प्रिंग जोर लावते, पण तो जोर शेवटच्या चाकापर्यंत पोहोचत नाही. असे घड्याळ ‘थोडे चालते आहे’ म्हणून रोज चावी देत राहू नये. चिकट तेलात अडकलेली धूळ टोकांना घासत राहते आणि केवळ धुण्याने सुटणारे काम भाग बदलण्यापर्यंत जाते.

भिंगवाला

मी अनेक वर्षे घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवले, आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट, नवशिक्याने घरातले आठवणीचे घड्याळ पहिल्याच दिवशी उघडू नये. भंगारातली बंद यंत्रे स्वस्तात मिळतात. त्यांतले एक यंत्र डोळे मिटूनही जुळवता येईल, इतक्या वेळा उघडावे आणि बसवावे. चिमट्याचा दाब किती असावा, हे पुस्तकातून कळत नाही. जास्त दाबला की भाग उडतो आणि खोलीच्या कोपऱ्यात जातो. म्हणून टेबलावर कडा वर आलेला पांढरा ट्रे ठेवावा आणि पंखा बंद ठेवावा. स्क्रूड्रायव्हरचे पाते स्क्रूच्या खाचेइतकेच रुंद असले पाहिजे. अरुंद पात्याने खाच चरली गेली की पुढच्या प्रत्येक कारागिराला ते दिसते.

दुसरी गोष्ट कोकण आणि मुंबईच्या घड्याळांविषयी. दमट हवेत पहिला गंज चावीच्या दांड्यावर आणि त्याच्या शेजारच्या पोलादी खटक्यांवर येतो, कारण ओल चावीच्या फटीतून आत शिरते. मागून यंत्र चकचकीत दिसले तरी तबकडीखालची बाजू उघडून पाहिल्याशिवाय घड्याळ निरोगी आहे असे म्हणू नये. हलका गंज असेल तर तो भाग सुटा करून, तेलात भिजवून, बारीक ब्रशने काढता येतो. खटक्याच्या धारेला खड्डे पडले असतील तर दुसऱ्या यंत्रातला भाग घालणे हेच बरे.

पेट्रोलविषयी मात्र मी धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत नाही. आम्ही पेट्रोलने धुतलेली घड्याळे वर्षानुवर्षे उत्तम चालली. धुण्याच्या द्रवापेक्षा काडीने छिद्र किती मन लावून साफ केले, याला अधिक महत्त्व आहे.

मिनिटकाटा

आपल्यासारख्या अनुभवी कारागिराने येथे लिहिले, याबद्दल मनापासून आभार. काडीविषयी आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. पेट्रोलविषयी माझा मुख्य आक्षेप सुरक्षिततेचा आहे. दुकानात रस्त्याकडेची मोकळी हवा असते. छंद जोपासणारा माणूस बहुधा सदनिकेच्या बंद खोलीत, लहान मुले झोपल्यावर काम करत असतो. त्याला मी पेट्रोल सुचवणार नाही.

ओंटारियोकर

मी कॅनडात राहतो आणि येथे माझ्याकडे दोन प्रश्न घेऊन बसलो आहे. पहिला असा की भारतातून आणलेले ‘पायलट’ उत्तम चालत होते, पण अलीकडे ते तासाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले आहे. दुसरा प्रश्न आजोबांच्या जुन्या स्विस घड्याळाविषयी. त्याच्या काट्यांवर आणि आकड्यांवर पूर्वी अंधारात चमकणारा लेप आहे. तो आता चमकत नाही आणि भुग्यासारखा सुटू लागला आहे. तो खरवडून नवा लावावा का?

मिनिटकाटा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. तो लेप खरवडू नका आणि घरी ते घड्याळ उघडूही नका. साधारणतः १९६० च्या दशकापर्यंत अशा लेपांत रेडियम वापरले जाई. लेप चमकेनासा होतो तो त्यातील प्रकाश देणारा पदार्थ जळून गेल्यामुळे. रेडियम तसेच राहते. रेडियम २२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, त्यामुळे आजोबांच्या काळातला लेप आजही जवळजवळ तेवढाच किरणोत्सारी आहे. बंद घड्याळापेक्षा सुटलेल्या भुग्याचा धोका मोठा, कारण तो श्वासावाटे किंवा बोटांवाटे शरीरात जातो. ते घड्याळ बंद पिशवीत ठेवावे, मुलांच्या हाती देऊ नये आणि रेडियमचे काम करण्याची सोय असलेल्या व्यावसायिकालाच दाखवावे. छंदाच्या टेबलावर करण्याचे हे काम नाही.

‘पायलट’ अचानक पुढे धावू लागले असेल तर प्रथम चुंबकत्वाचा संशय घ्यावा. ध्वनिक्षेपक, भ्रमणध्वनीचे चुंबकी आवरण, पिशवीची चुंबकी कडी यांच्या सान्निध्यात हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू लागतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि चाक जलद हलते. होकायंत्र घड्याळाजवळ नेऊन सुई हलते का ते पाहावे. चुंबकत्व घालवण्याचे छोटे उपकरण स्वस्तात मिळते आणि काम क्षणभराचे असते. त्याने फरक पडला नाही, तर हेअरस्प्रिंगला तेल लागले आहे का, ते पाहावे लागेल.

गिरणगाव

टाइमग्राफरविषयी, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची गती मोजणाऱ्या यंत्राविषयी, कुणी लिहील का? मी नुकताच चिनी बनावटीचा घेतला आहे, पण त्यावरचे आकडे कसे वाचावेत हे नीट उमगलेले नाही.

भिंगवाला

आमच्या वेळी कान हाच टाइमग्राफर होता, पण ते यंत्र निश्चितच उपयोगी आहे. ०२३१ चे बॅलन्स तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. टाइमग्राफरवर तीन आकडे पाहावेत. दिवसाला किती सेकंद मागेपुढे होते हा पहिला आणि सर्वांना कळणारा. दुसरा ठोक्यांतील फरक; ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधले अंतर सारखे नसेल तर तो वाढतो आणि तो एक मिलिसेकंदाच्या आत असावा. तिसरा बॅलन्सच्या झोक्याचा कोन, आणि घड्याळाची खरी तब्येत तोच सांगतो. पूर्ण चावी देऊन तबकडी वर करून ठेवल्यावर तो २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान असेल तर जुन्या यंत्रासाठी उत्तम. २०० च्या खाली असेल तर कुठेतरी मळ, सुके तेल किंवा थकलेली मुख्य स्प्रिंग आहे. हा कोन बरोबर येण्यासाठी त्या घड्याळाचा लिफ्ट अँगल (प्रत्येक ठोक्याला पॅलेट फोर्कशी संपर्क असेपर्यंत बॅलन्स जितका फिरतो तो कोन) टाइमग्राफरमध्ये भरावा लागतो. चिनी यंत्रांत तो सहसा ५२ अंश असा आधीच भरलेला असतो आणि प्रत्येक घड्याळाला तो लागू पडत नाही.

झोका कमी असताना केवळ रेग्युलेटरची (घड्याळाची गती कमीजास्त करणारी) दांडी सरकवून वेळ जुळवणे, ही सर्वांत वाईट सवय. घड्याळ टेबलावर बरोबर चालेल आणि हातावर चुकेल.

सायंतारा

सर्वांचे आभार. आईशी सविस्तर बोलले. तबकडी तशीच ठेवायची, काच बदलायची आणि यंत्राचे काम येथील एका जाणत्या घड्याळजींकडून करून घ्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. घेतलेल्या भंगार यंत्रावर मी स्वतंत्रपणे हात बसवणार आहे. आता फक्त केसचा प्रश्न उरला. पट्ट्याच्या कड्यांपाशी मुलामा उडून पिवळे पितळ दिसते आहे आणि तेथे हिरवट थर जमला आहे. केसवर पुन्हा मुलामा चढवावा का?

मिनिटकाटा

‘जनता’ची केस पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली आणि मागचे झाकण स्टेनलेस स्टीलचे असते. मुलामा पुन्हा चढवता येतो, परंतु त्याआधी जुना मुलामा उतरवून केस घासावी लागते आणि त्या घासण्यात कडांचा धारदारपणा जातो. म्हणून पितळ दिसत असले तरी केस खड्डे पडून पोखरली नसेल, तर मी ती तशीच ठेवेन. हिरवट थर मात्र काढलाच पाहिजे, कारण तो घाम आणि ओल धरून ठेवतो आणि पितळ खात राहतो. यंत्र, काच आणि तबकडी बाहेर काढल्यानंतर रिकामी केस कोमट साबणपाण्यात भिजवून लाकडी काडीने आणि मऊ ब्रशने घासावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच यंत्र परत बसवावे. उघड्या पितळाने त्वचेवर हिरवे डाग पडत असतील तर त्वचेला टेकणाऱ्या बाजूस पारदर्शक लाखेचा पातळ थर द्यावा. तो अल्कोहोलने केव्हाही काढता येतो.

काम पूर्ण झाल्यावर रोज सकाळी, घड्याळ हातावरून काढून, चावी द्यावी. हातात असताना दिली तर दांड्यावर तिरका जोर येतो. विरोध जाणवला की थांबावे. पावसाळ्यात ते घड्याळ घालून बाहेर पडू नये, कारण ते जलरोधक नाही. रोज वापरल्यास चार-पाच वर्षांनी पुन्हा धुऊन तेल द्यावे लागेल. त्या वेळी येणाऱ्या कारागिरासाठी काय केले, कोणते तेल वापरले आणि कोणता भाग बदलला हे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती घड्याळाच्या डबीत ठेवावी.